सहावीच्या वर्गात मुलांची स्वतःची लेखनवही: तपासायची का, आणि ४४ वह्या वाचायच्या कधी?

कोरं_पान

नमस्कार. जूनपासून सहावीच्या मराठीला प्रत्येक मुलाची स्वतःची एक लेखनवही सुरू करायची आहे. निबंधाची नाही, गृहपाठाची नाही. मूल आपल्या मनाने लिहील अशी.

शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, मध्य मुंबईतली. पट ४४. तास ३५ मिनिटांचा. शाळा दोन सत्रांत भरते. आमचं दुपारचं सत्र, सकाळी त्याच खोलीत दहावी बसते, त्यामुळे वर्गातलं कपाट आपलं म्हणायची सोय नाही. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत: हिंदी, भोजपुरी, तेलुगू, थोडी गुजराती. पाच-सहा जणांना सलग वाक्य लिहिणं अजून जमत नाही.

२०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकातच कोरी पानं जोडून यायला लागली, तेव्हा ती यासाठी वापरावीत असा विचार होता. पण शब्दार्थ आणि फळ्यावरचं उतरवण्यातच ती भरायची, आणि २०२५ मध्ये तो निर्णयच मागे घेतला गेला. म्हणून आता वेगळी वही.

विचारायचं ते असं: वही कुठली आणि किती पानी घ्यावी? आठवड्यातून किती वेळा लिहून घ्यावं? लाल पेन लावायचा की नाही? मुलांनी खासगी काही लिहिलं तर? आणि ४४ वह्या वाचायला वेळ आणायचा कुठून? ‘मुलांना अभिव्यक्तीची संधी द्या’ छापाची उत्तरं प्रशिक्षणात भरपूर मिळतात. इथे हाताने केलेल्या कामातलं सांगा.

खडू_डस्टर

बाई, आधी हिशेब करू. ही वही बहुतेक ठिकाणी ऑगस्टपर्यंत बंद पडते, आणि ती उत्साह संपून नाही, हिशेब चुकून बंद पडते.

आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा मिनिटं लिखाण. याहून जास्त ठरवू नका. ४४ वह्या एकदम घेऊन बसलात आणि एकीला दोन मिनिटं धरली, तरी ८८ मिनिटं होतात. अडीच तासिका झाल्या. दोन आठवडे कोणीही करेल, तिसऱ्या आठवड्यात गठ्ठा टेबलाखाली जातो आणि मुलांना ते बरोबर कळतं. त्याऐवजी रोज एक ओळ घ्या. वर्गात चार ओळी असतील तर ११ वह्या, २२ मिनिटं, एका मोकळ्या तासात आरामात होतात. सोमवार ते गुरुवार चार ओळी, शुक्रवार गैरहजर राहिलेल्यांसाठी. आठवड्यातल्या दोन नोंदींपैकी एकच वाचायची, आणि कुठली ते मुलाने ठरवायचं: त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात चांदणी काढायची. दुसरी न वाचता राहिली तर काही बिघडत नाही. हात चालला, तेवढं पुरे.

वार पक्के ठेवा, मंगळवार आणि गुरुवार धरा. मधल्या सुट्टीनंतरचा तास नको, कारण पहिली आठ मिनिटं घाम पुसण्यात आणि तक्रारींत जातात. शुक्रवारचा शेवटचा नको. शनिवारी तास आखूड असतात, तोही नको. दहा मिनिटं लिखाण म्हटलं तरी वाटप आणि गोळा करणं धरून पंधरा जातात. उरलेल्या वीस मिनिटांचाच धडा आखा, नाहीतर धडा राहिला म्हणून पुढच्या वेळी वहीवरच गदा येते.

ते दहा मिनिट कसे चालवायचे यावर बरंच अवलंबून आहे. विषय फळ्यावर लिहा. मग दोन मिनिटं तुम्ही स्वतः त्याच विषयावर फळ्यावर लिहा, खोडा, पुन्हा लिहा. मुलांना तुमचं खोडलेलं दिसू द्या. बाईंचं वाक्य पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यानंतर खुर्चीत बसा आणि कृपा करून वर्गात फिरू नका. बाकांमधून फिरायला लागलात की एकेक हात वहीवर आडवा येतो आणि पेन थांबतो.

कोणी ‘बाई, हा शब्द कसा लिहायचा?’ विचारलं तर उत्तर एकच: जसा ऐकू येतो तसा लिही, खाली रेघ मार, पुढे चल. एकाला फळ्यावर शब्द लिहून दिलात की आणखी दहा हात वर येतात.

ओळींची अट घालू नका. ‘कमीत कमी दहा ओळी’ म्हटलं की अक्षरं बोराएवढी होतात आणि प्रत्येक ओळीत चार शब्द बसतात. वेळेची अट घाला: दहा मिनिटं पेन थांबायचा नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही, सुचत नाही’ असं लिहीत राहायचं. तिसऱ्या ओळीपर्यंत मूल स्वतःच कंटाळून दुसरं काहीतरी लिहितं.

ज्यांना वाक्य जमत नाही त्यांनी यादी करायची. ‘दप्तरात आत्ता काय काय आहे’ ही सहा शब्दांची यादीसुद्धा पूर्ण नोंद धरा. किंवा चित्र आणि त्यातल्या तीन वस्तूंना नावं. पुढच्या आठवड्यात त्याच यादीतल्या एका वस्तूबद्दल एक वाक्य. त्यांना वेगळा विषय देऊ नका. विषय सगळ्यांना तोच, रूप वेगळं.

आता विषय. पहिले दोन आठवडे तुम्हाला मोरच मिळणार आहे: ‘माझा आवडता पक्षी मोर आहे. मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे. मला मोर खूप खूप आवडतो.’ हे मुलाचं लिखाण नाही, गाईडचं आहे, आणि चूक विषयाची आहे. ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझी शाळा’ हे शब्द दिसले की पाठ केलेला नळ सुरू होतो. विषय इतका बारीक द्या की त्याचं उत्तर कुठल्याही गाईडात नसेल. घरातून शाळेपर्यंत येताना कानावर पडलेले पाच आवाज. नळाला पाणी किती वाजता येतं आणि त्या वेळी घरातलं कोण काय करत असतं. वडापाववाला पाव हातात घेतल्यापासून कागद गुंडाळेपर्यंत क्रमाने काय काय करतो. आईच्या हातातलं कुठलं काम तू डोळे मिटून सांगू शकतोस. बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर काय दिसतं.

काही विषय मुंबईत मुद्दाम टाळावेत. ‘माझी खोली’ हा विषय दहा बाय बाराच्या घरात पाच माणसं राहतात त्या मुलाला गप्प करतो किंवा खोटं बोलायला लावतो. ‘सुट्टीत आम्ही कुठे गेलो’ तसाच. ‘बाबांचा व्यवसाय’ तर नकोच. घरातली माणसं विषयात येऊ द्या, पण कामांतून.

प्रतिसाद कसा द्यायचा ते एका नमुन्यावर दाखवतो. मुलीने लिहिलं:

‘सकाळी पाणी आला. आई भरते. मग मी शाळेत येते.’

याखाली ‘छान’ लिहिलंत तर तिला काही मिळत नाही. ‘आणखी लिही’ म्हटलंत तर ती पुढे ‘मग मी अभ्यास करते’ लिहील. प्रश्न विचारा, आणि तो एकच विचारा: ‘पाणी यायच्या आधी नळ काही आवाज करतो का?’ पुढच्या वेळी येतं ते बघा:

‘आधी नळ खोकतो. मग नुसती हवा येते. मग लाल पाणी. आई पहिली कळशी ओतून देते, मग हंडा लावते.’

मजकूर तिच्याकडे होताच, विचारलं नव्हतं कोणी. दोन मिनिटांत एका वहीला एवढंच करायचं: वाचायचं, एका चांगल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ (इथे ‘खोकतो’), आणि एक प्रश्न. सही, तारीख, संपलं. ‘पाणी आला’ला त्या पानावर हात लावायचा नाही.

लाल पेनाचं उत्तर यातच आलं. या वहीत लाल पेन नाही. एकदा लाल गोल दिसला की मूल जे बरोबर लिहिता येतं तेवढंच लिहितं, आणि मग परत मोर.

ऱ्हस्वदीर्घ

खडू_डस्टर यांचं बरंचसं मान्य, पण ‘हात लावायचा नाही’ इथे थांबलं तर अर्धंच काम झालं. हिंदी घरातल्या मुलाला ‘पाणी आला’ चूक आहे हे घरी कोणी सांगणार नाही. शाळेत नाही सांगितलं तर दहावीला गुण जातात, तेव्हा कोणी अभिव्यक्ती विचारत नाही.

पानावर खुणा न करताही हे जमतं. वह्या वाचताना शेजारी एक कागद ठेवा. चुका मुलाच्या नावावर लिहायच्या नाहीत, प्रकारावर लिहायच्या, आणि प्रत्येक वेळी एक काठी ओढायची. ४४ वह्यांत प्रकार फार निघत नाहीत. तुमच्या पटाचं वर्णन वाचून साधारण यादी आधीच सांगता येते.

पहिला प्रकार लिंगाचा. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘माझी पुस्तक’, ‘तो घर’, ‘पाणी आला’. हिंदीत किताब स्त्रीलिंगी आणि पानी पुल्लिंगी, मूल तेच लिंग उचलून आणतं. हा निष्काळजीपणा नव्हे, नियम आहे, फक्त दुसऱ्या भाषेचा. दुसरा प्रकार ‘ळ’चा: ‘शाला’, ‘फला’, ‘सगला’. तिसरा सगळ्यांचाच, मराठी घरातल्या मुलांचासुद्धा: ‘फूलाला’, ‘दूधात’, ‘बहीणीला’, ‘तीने’. फूल, दूध, बहीण यांतला दीर्घ स्वर प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो: फुलाला, दुधात, बहिणीला. ‘ती’चं ‘तिने’ होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून शरीर, शरीराला. अपवाद मात्र पहिल्याच दिवशी सांगू नका, नाहीतर मुलं नियम सोडून अपवादच लक्षात ठेवतात.

आठवड्याला सगळ्यात जास्त काठ्या ज्या प्रकाराला, तो एकच सोमवारी फळ्यावर. पाच मिनिटं, चार उदाहरणं, वाक्य कोणाचं ते न सांगता. वाक्य थोडं बदलून घ्या, कारण मुलं एकमेकांची वाक्यं ओळखतात.

आणि महिन्यातून एकदा मुलाने आपल्या वहीतली एक नोंद निवडायची आणि फुलस्केप कागदावर पक्की करायची. त्या कागदावर शुद्धलेखन, विरामचिन्हं, परिच्छेद सगळं बघायचं आणि हवा तेवढा लाल पेन चालवायचा. वही कच्ची, कागद पक्का. मुलांना हा फरक लगेच समजतो, कारण एक कागद दुरुस्त होतो तेव्हा त्यांचं मूळ पान तसंच राहतं.

हेच कागद आकारिक मूल्यमापनाला चालतात. सहावीला आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं) ५० गुण आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ५०. आकारिकच्या साधनांत उपक्रम, स्वाध्याय हे आहेतच, त्यात या कागदांची नोंद होते. वहीला स्वतःला गुण देऊ नका. गुण आले की मूल तुमच्या आवडीचं लिहायला लागतं.

दुपारसत्र

पिनेच्या वह्या घेऊ नका. आणि वह्या घरी पाठवू नका. बाकी वरचे दोघं सांगताहेत ते ठीक आहे.

कोरं_पान

दुपारसत्र, दोन्हींचं कारण सांगाल का? घरी पाठवली तर मुलं घरी पण लिहितील असं वाटत होतं. शिवाय ४४ वह्या ठेवणार कुठे, हाच तर प्रश्न आहे.

दुपारसत्र

घरी गेली की क्लासला जाते. क्लासच्या बाई चुका दुरुस्त करून, दोन सुविचार घालून, फेअर करून परत पाठवतात. त्यांचा दोष नाही. आईवडिलांनी फी भरलेली असते आणि वहीत चूक दिसली की ते क्लासलाच जाब विचारतात. घरी लिहायची हौस असेल त्या मुलाला वेगळी छोटी वही घेऊ दे. ती आपण मागायची नाही.

पिनेचं खाली कोणीतरी नीट सांगेल.

पुठ्ठा_बांधणी

पिनेचं मी सांगतो.

मुंबईत जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि त्याच आठवड्यात पाऊस. पिनेची वही (मध्ये दोन तारा मारलेली) चार महिने दमट कपाटात राहिली की तारांना गंज चढतो, गंजाचा डाग मधल्या पानांवर उतरतो, आणि दिवाळीनंतर मधली पानं निखळतात. शिवाय पिनेच्या वहीतून मधलं एक पान काढलं की समोरचं जोडपान आपोआप सुटतं. मुलं पानं काढतातच. शिलाईची, पाठीला कापडी पट्टी असलेली वही घ्या. दुकानात ओळखायचं कसं: वही मधोमध उघडा, दोऱ्याचे टाके दिसले पाहिजेत.

पानं १००. दोनशे पानी घेऊ नका. आठवड्याला दोन नोंदी, एकीला साधारण एक पान. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वजा जाता वर्षाचे तीस आठवडे हाताला लागले तर साठ पानं. शब्दांची दहा पानं आणि अनुक्रमणिकेची दोन धरली तरी शंभरात बसतं. दोनशेची घेतली तर अर्धी कोरी राहते, आणि कोऱ्या पानांची विमानं आणि चिठ्ठ्या होतात. वजनही बघा: २४ बाय १८ सेंटिमीटरची शंभर पानी वही म्हणजे ५० कागद, पुठ्ठा धरून सुमारे १४० ग्रॅम. ४४ वह्यांचे सहा किलोच्या वर. एका पिशवीत एक ओळ भरली तर दीड किलो, सहावीचं मूल सहज उचलतं. म्हणून चार कापडी पिशव्या, ओळीप्रमाणे चार रंगांच्या. वाटप आणि गोळा करणं दोन्ही यातच उरकतं.

रेघ एकेरी. दुरेघी सहावीत मुलांना बाळबोध वाटते. ज्यांचं अक्षर अजून बसलेलं नाही त्यांनाही एकेरीच द्या, वेगळी वही दिली की वर्गाला ते कोण हे कळतं.

पेन साधा बॉलपेन. शाळेच्या वह्यांचा कागद पातळ असतो, जेलपेन आणि शाईचा पेन मागे फुटतो, आणि ओल्या हाताने पान धरलं की जेल पसरते. पेन्सिल चालते, पण वर्षाच्या शेवटी पानावर पान घासून धूसर होते.

कव्हर खाकी कागदाचं. प्लास्टिकचं घातलं तर आत दमटपणा अडकतो आणि पुठ्ठ्याला बुरशी येते. मुलांना प्लास्टिकच हवं असतं, चित्रं असतात म्हणून. नाही म्हणा. खाकीवर त्यांना काय काढायचं ते काढू द्या.

खरेदी एकत्र करा. वह्या डझनाने येतात. चार डझन म्हणजे ४८, चार शिल्लक राहतील, त्या लागतातच: एखादी हरवते आणि जुलैत नवीन नाव दाखल होतं. घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केटजवळ, अब्दुल रेहमान स्ट्रीटला. सगळ्यांच्या वह्या एकसारख्या असाव्यात हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कोणाची जाड चकचकीत आणि कोणाची गेल्या वर्षीची उरलेली, इथूनच तुलना सुरू होते. महापालिकेच्या शाळेत असतात त्यांचा प्रश्न सोपा. तिथे मोफत मिळणाऱ्या २७ शालेय वस्तूंत वह्या येतातच, त्यातली एक यासाठी राखायची.

ठेवायचं कुठे: वर्गातलं कपाट दहावीबरोबर वाटून घेऊ नका, मोठी मुलं वाचतात आणि मोठ्याने वाचतात. शिक्षक खोलीत तुमच्या कपाटाचा एक कप्पा मोकळा करा. सगळ्यात खालचा कप्पा नको, पावसाळ्यात फरशीची ओल तिथे आधी चढते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर वह्या पाठीमागे तीन बोटं जागा सोडून लावा, हवा खेळली की कसर कमी लागते. डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या वासाच्या वह्या मुलं दहा मिनिटं नाकाशी धरून बसणार. कडुनिंबाचा वाळवलेला पाला पुरतो, महिन्याने बदलायचा. आणि पिशव्यांचं तोंड बांधून ठेवू नका.

घडीचं_पान

खासगी लिखाणाचं कोणी बोललं नाही, म्हणून.

बऱ्याच ठिकाणी चालते ती पद्धत अशी: मुलाला जे कोणी वाचू नये असं वाटतं ते पान उभं मधोमध आत दुमडायचं, कडा शिवणीला टेकवायची. दुमडलेलं पान बाई वाचणार नाहीत. हा शब्द दिला तर पाळावाच लागतो, एकदाही डोकावलात तर वही गेली. मुलं तपासून बघतात. घडीत केस ठेवतात, पेन्सिलीची साल ठेवतात, आणि वही परत आली की ती तिथे आहे का बघतात.

पण हा शब्द देताना त्याची हद्दही पहिल्याच दिवशी सांगायची, सोप्या शब्दांत: ‘दुमडलेलं मी वाचणार नाही. पण उघड्या पानावर कोणी तुला त्रास देतंय, मारतंय, नको तिथे हात लावतंय असं मला दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. तुला सांगून पुढे जाईन.’ ही हद्द नंतर सांगितली तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. ज्याला मदत हवी असते ते मूल बहुतेक वेळा पान दुमडत नाही, किंवा दुमडून त्यावर चांदणी काढतं. दुमडलेल्या पानावर चांदणी असेल तर वाचायचं की नाही हेही आधीच ठरवून सांगा. ‘वाच’ असाच त्याचा अर्थ धरावा.

लैंगिक त्रासाचं काही आढळलं तर ते शाळेत मिटवायचं प्रकरण नव्हे. पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकावर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. शाळाप्रमुखाला सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका, तीन शिक्षकांसमोर तेच तेच सांगायला लावू नका. त्याने लिहिलंय तेवढं पुरे, पुढचं विचारणं ज्यांचं काम त्यांचं. पानाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे, तो वहीच्या मागच्या कव्हरवर आतून सगळ्यांनाच लिहायला लावा. सगळ्यांच्या वहीत असला की कोणाच्या वहीत का आहे, हा प्रश्न उरत नाही.

घरची भांडणं, दारू, उधारी हे मात्र उघड्या पानांवर येईल, आणि दर वेळी धावून जायची गरज नसते. ‘वाचलं. बोलावंसं वाटलं तर मधल्या सुट्टीत ये’ एवढं पेन्सिलने लिहा. मूल आलं नाही तर बोलावू नका.

मोठ्याने वाचून दाखवणं फक्त स्वखुशीने. एका वेळी तिघे, प्रत्येकी दोन वाक्यं. एखाद्याची चूक गंमत म्हणून वर्गात वाचली तर मुलं हसतात आणि शिक्षकाला वाटतं वातावरण मोकळं झालं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. हे त्यात येतं.

कोरं_पान

फारच कामाचं. दोन गोष्टी उरल्या. मुख्याध्यापकांनी किंवा तपासणीला आलेल्या कोणी वही पाहिली आणि ‘चुका का सुधारल्या नाहीत?’ विचारलं तर? आणि एक मुलगा आहे, गेल्या वर्षीच्या बाई सांगतात की त्याला काहीही विषय द्या, तो ‘मी क्रिकेट खेळलो’ हेच लिहितो.

खडू_डस्टर

पहिल्याचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, छापून चिकटवा: ‘ही सरावाची कच्ची वही आहे. यातील भाषेच्या चुका सोमवारच्या फलकलेखनात घेतल्या जातात व निवडक नोंदी दुरुस्त करून स्वतंत्र कागदावर केल्या जातात.’ खाली तुमची आणि मुख्याध्यापकांची सही, जूनमध्येच. शिवाय ऱ्हस्वदीर्घ सांगतात तो काठ्यांचा कागद आणि पक्के कागद फाईलला लावून ठेवा. वहीत लाल खूण दिसली नाही तरी काम दिसलं पाहिजे, तपासणीला आलेल्यालाही काहीतरी लिहून न्यायचं असतं. पहिल्या पालकसभेला हेच पान वाचून दाखवा, म्हणजे ‘वही घरी का येत नाही?’ हा प्रश्न वर्षभर एकेकाने विचारायला नको. वही एप्रिलमध्ये मुलाच्या हातात द्यायची, हेही तेव्हाच सांगा. प्रदर्शनासाठी ठेवून घेऊ नका.

डिसेंबर सांभाळा. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की मुलं तासाला निम्मीच असतात. त्या महिन्यात दोनाची एक नोंद करा, पण शून्य करू नका. तीन आठवडे खंड पडला की जानेवारीत पुन्हा मोरापासून सुरुवात.

क्रिकेटवाल्याला क्रिकेट सोडायला लावू नका, त्याचं एवढंच दार उघडं आहे. त्याला विचारा, किती खेळलास? तो म्हणेल, खूप. मग म्हणा, सगळी मॅच नको, फक्त एक ओव्हर लिही. सहा चेंडू, सहा वाक्यं, कुठल्या चेंडूला कोण कुठे उभं होतं आणि चेंडू कोणाच्या गॅलरीत गेला ते. सातवं वाक्य आलंच, तर वाइड होता की नो-बॉल, एवढं विचारा.